पाठमोरा

"नाक माज्यावानी न्हवतं, दादावानी हुतं," सावळा म्हणाला.

"माजं नाक आईचं हाय," कान्हूनं धाकट्या भावाला झटकून टाकलं. "बाचं नाक बसकं. कुनी आंगठ्यानं दाबल्यागत."

"बसकं?" अंगणाच्या कडेला उभी असलेली एक म्हातारी तावातावानं पुढं आली. "आरं, वाडीत पोपट म्हनायचे त्येला! आन् ह्यो म्हनतो बसकं!"

मी ओट्यावर बसलो होतो, मांडीवर वही. नाक आतापर्यंत तीनदा खोडून झालं होतं आणि कागद इतका पातळ झाला होता की चौथं नाक काढलं असतं तर ते मागच्या पानावर उमटलं असतं. निम्मी वाडी गोळा झाली होती. प्रत्येकाला शिदूबाबा लख्ख आठवत होता आणि प्रत्येकाचा शिदूबाबा वेगळा होता.

शिदूबाबा म्हणजे कान्हू आणि सावळा यांचा बाप. मागच्या मार्गशीर्षात तो वारला. साठ-पासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याचा एकही फोटो निघाला नव्हता, आणि त्याचा फोटो करून द्यायचं मी कबूल करून बसलो होतो. फोटो म्हणजे पेन्सिलीनं आणि काजळीनं काढलेलं चित्र. पण ही १९६६ सालची गोष्ट, आणि आंदर मावळात भिंतीवर काचेमागं जो माणूस बसतो त्याला फोटोच म्हणत. तो कॅमेऱ्यातून आला की हातातून, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

मला होतं. मला चित्रकार व्हायचं होतं. हे वाक्य आज सरळ लिहितोय. तेव्हा मनातल्या मनातसुद्धा दबकत म्हणत असे. परंदवडीच्या ओव्हाळांच्या पोरानं असलं काही बोलणं म्हणजे लोकांना करमणूक. मी लोणावळ्याच्या बाजारपेठेत नवयुग फोटो स्टुडिओत कामाला होतो. मुंबईहून हवा खायला आलेली जोडपी आमच्याकडं फोटो काढून घेत. मी त्यांच्या निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीनं नवऱ्याच्या गालावरचे देवीचे व्रण बुजवायचो, बायकोच्या डोळ्यांखालचं काळं घालवायचो. खेड्यातली माणसं मेलेल्याचा नखाएवढा चेहरा घेऊन यायची, लग्नाच्या गर्दीतला नाहीतर कारखान्याच्या पासावरचा. तो मी मोठा करायचो, त्याच्या अंगात कोट घालायचो, डोळे मिटलेले असले तर उघडायचो. सात वर्षांत किती मेलेल्यांचे डोळे मी उघडले असतील, देव जाणे.

त्या सगळ्यांच्या खाली कोपऱ्यात एकच शिक्का बसायचा, नवयुग फोटो स्टुडिओ, लोणावळे. एकदा धीर करून मालकांना, दत्तोबाशेठना, विचारलं, "कोपऱ्यात माझी बारीक सही घालू का?"

ते हसले. माणूस वाईट नव्हता, हसणं मात्र वाईट होतं. "कॅमेरा सही मागतो का रे सीताराम? मग ब्रशानं का मागावी?" मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि घालणार काय? ओव्हाळ? लोक ही तसबीर देवाशेजारी लावतात बाबा. समजून घे."

समजून घ्यायला आम्हाला कधी वेळ लागला नाही. आमच्या पिढ्या त्यातच गेल्या. पण ते ऐकल्यापासून प्रत्येक शिक्का मारताना माझा हात जड व्हायचा.

मग एके दिवशी कान्हू आणि सावळा आले. चालत टाकव्याला, तिथून एस.टी.नं कान्हे गावच्या ठेसनाला, तिथून रेल्वेनं लोणावळ्याला. दत्तोबाशेठ म्हणाले, "आणा फोटो, मोठा करून देऊ."

"फोटू न्हाई," कान्हू म्हणाला. "म्हनून तर आलोय. बाच्या वरीस-श्राद्धाला भिताडावर लावायचा हाय."

शेठ त्यांना वाटेला लावणार तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "मी काढतो. तुमी नुस्तं सांगा, कसे दिसायचे."

दोघं गेल्यावर शेठ माझ्याकडं वळले. "न पाहिलेला माणूस काढणार?" ते म्हणाले. "ठीक आहे. घरच्यांनी 'हाच तो' म्हटलं, तर घाल खुशाल तुझी सही. नाही म्हटलं, तर पुन्हा सहीचं नाव काढायचं नाही. आणि ते काम तुझ्या वेळेत, स्टुडिओच्या नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. मी इतका खूश झालो की त्या रात्री वहीचं एक पान नुसत्या सह्यांनी भरलं.

न पाहिलेला माणूस काढायची एक रीत मी मनाशी योजली होती. माणूस आठवून सांगता येत नाही, पण दाखवता येतो. म्हणून मी वाडीवर जाऊन म्हणायचो, कपाळ कुणासारखं, ते माणूस आणून उभं करा. कान? हनुवटी? जिवंत माणसांतून एकेक अवयव वेचायचा. युक्ती चांगली होती, फक्त वाडीला ती फार आवडली. ज्याचा कान शिदूबाबासारखा ठरला तो दिवसभर कान पुढं करून हिंडत होता, आणि ज्याचा ठरला नाही तो रुसला.

त्या पहिल्या दिवशी कान्हूनं मला ओट्यावर बसवलं, चहा दिला. "कुनाचं म्हनायचं तुमी?" कुणीतरी विचारलं. मी सांगितलं. कप कान तुटलेला होता. चहा झाल्यावर मी तो स्वतःच धुतला आणि भिंतीशी पालथा घातला. कुणी अडवलं नाही.

या सगळ्या गोंधळात एकच माणूस गप्प होतं, शिदूबाबाची बायको, पुतळाबाई. कडेला बसून ती सुपात नाचणी पाखडत होती. मी म्हटलं, "मावशी, तुमी सांगा की. तुमच्याइतकं कुनी बगितलंय त्येस्नी?"

"मला काय कळतंय बाबा," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली. बायका हसल्या. मीही हसलो. लाजली असेल, असं वाटलं.

तीन आठवडे मी स्टुडिओच्या मागच्या खोलीत ते चित्र करत होतो. वहीत सोळा चेहरे होते, एकाचं दुसऱ्याशी जमत नव्हतं. पहिले आठ दिवस नुसता पेन्सिलींना टोकं काढत बसलो. मग एक दिवस वही मिटून ठेवली आणि हात चालेल तसा चालू दिला. गाडीवानाला डुलकी लागली की बैल आपली वाट आपणच धरतात, तसा हात चालला. कपाळ आलं, मुंडासं आलं, गालफडं आली, नाक एका दमात आलं. चित्र पुरं झालं तेव्हा एक म्हातारा माझ्याकडं असा बघत होता की मला उठून उभं राहावंसं वाटलं. असलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि चक्क रडलो.

त्या रविवारी चित्र गुंडाळून परंदवडीला नेलं. आई, शकुबाई, चुलीशी भाकरी थापत होती. मी ते भिंतीला टेकवलं आणि बाजूला झालो. आपलं कौतुक ऐकायला उभं राहतात तसा.

आई हात न धुताच उठून आली.

"कवा काढलंस?"

"चाललंय तीन आठवडं."

"मला बोलला न्हाईस."

"काय बोलायचं त्यात? गिऱ्हाइकाचं हाय."

"गिऱ्हाइकाचं?" ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "आरं, तुजं बा हायेत की ह्ये."

मी हसलो. मग चित्राकडं बघितलं. उजव्या भुवईत एक तिरपी रेघ होती, केस न उगवलेली. वाडीत कुणीही मला असल्या रेघेबद्दल सांगितलं नव्हतं. माझ्या बाला लहानपणी म्हशीचं शिंग लागलं होतं, त्या जखमेची ती रेघ.

माझ्या बाचं नाव भिकाजी. गावची येसकरकी त्याच्याकडं होती. सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची आणि संध्याकाळी लोकांच्या अंगणाबाहेर उभं राहून भाकरीसाठी हाळी द्यायची. आम्ही छप्पन्न साली धर्म बदलला, त्याच्या दोन वर्षं आधी तो गेला. त्याचाही फोटो कधी निघाला नव्हता. मी कधी काढायचा प्रयत्नही केला नव्हता.

"कुनाच्या घरात लावनार ह्ये?" आईनं विचारलं.

"आंदर मावळात. कोळ्यांच्या घरात."

ती आधी हसली. पिठाचा हात तोंडाला लावून खुदखुदली. "कोळ्यांच्या घरात! जल्मभर अंगनाबाहेर हुबा ऱ्हायला मानूस, आन् आता एकदम भिताडावर!" मग हसणं थांबलं. "आन् आपल्या घरात रं, सीताराम? आपल्याला बी एक भिताड हाय की."

"दुसरं काढून देतो," मी म्हणालो. ते अजून दिलेलं नाही. त्यानंतर दहा-बारा वेळा बसलो असेन. ठरवून बसलं की बा येत नाही, भलताच कुणी म्हातारा येतो.

त्या रात्री मला झोप नाही. वरीस नऊ दिवसांवर आलं होतं. चित्र फाडावं, तर दुसरं कुठून आणणार? आणि हे द्यावं, तर? बा सांगावे घेऊन साऱ्या मावळात हिंडलेला. तळेगावच्या बाजारात त्याला शंभर माणसं ओळखायची. एखादा पाहुणा वरसाला यायचा आणि भर पंगतीत म्हणायचा, अरे, हा तर परंदवडीचा येसकर! पुढं काय झालं असतं ते मला डोळे मिटून दिसत होतं. नोकरी जाणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग होता. पण खरं सांगतो, भीतीच्या बुडाशी दुसरंच काहीतरी होतं आणि त्याची मला लाज वाटत होती. लोकांनी 'हाच तो' म्हणावं, असंच मला वाटत होतं. सही हवी होती मला.

सोमवारी मी चित्र घेऊन वाडीवर गेलो. काच अजून लावली नव्हती. पसंत पडलं तर लावून आणायची, असं ठरलं होतं. अंगणात पुन्हा सगळे जमले. मी कागद सोडवला आणि जमिनीकडं बघत उभा राहिलो.

मग सावळाच्या घशातून कसलासा आवाज आला आणि तो मटकन खाली बसला. "बा," तो म्हणाला.

"ह्योच!" कान्हू म्हणाला. "बगा, नाक बगा! म्या काय सांगत हुतो? बसकं!"

"कुटलं बसकं? पोपटाचं हाय की सरळ सरळ!" म्हातारीनं बोट नाचवलं. ज्याला जे नाक हवं होतं ते त्यात सापडलं. कान पुढं करून हिंडणाऱ्यालाही त्याचा कान सापडला. मुंडासं आहे, गालफडं बसलेली आहेत, माणूस म्हातारा आहे, कागद मोठा आहे. आणि वर्षभरात त्यांना त्यांच्या माणसाची इतकी भूक लागली होती. मी जिंकलो होतो. सगळी वाडी माझ्याकडं कौतुकानं बघत होती आणि मला कधी एकदा तिथून निघतो असं झालं होतं.

पुतळाबाई दारात उभी होती. तिनं चित्र बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हंडा उचलून ओढ्याकडं गेली.

परतीची वाट ओढ्यावरूनच होती. मी चित्र काखेत मारून दगडांवरून पाय टाकणार, तेवढ्यात तिनं हाक मारली. "फोटूवालं, थांबा वाईच."

मी थांबलो. तिनं हंडा खाली ठेवला.

"मानूस चांगला हाय त्यो," ती म्हणाली. "कुनाचा हाय?"

खोटं बोलायचं मी वाटेत घोकून ठेवलं होतं. ते कुठं गेलं कुणास ठाऊक. "माजा बा," मी म्हणालो. "मावशी, म्या मुद्दाम न्हाई केलं. शपथ घेतो. हात तिकडंच गेला. तुमी म्हना, आत्ता फाडतो."

ती पाण्याकडं बघत राहिली. ती ओरडली असती तर हाकेच्या अंतरावर सगळी वाडी होती.

"फाडता कशाला?" ती शेवटी म्हणाली. "पोरास्नी बाप पायजे हुता, घावला. हायेत का तुमचं वडील?"

"न्हाईत. बारा वर्सं झाली."

"मंग ऱ्हाऊ द्या. चार पोरं पाया पडतील, त्यास्नी काय वंगाळ वाटनार हाय? लावा काच."

मग मी जे कधीच विचारायला नको होतं ते विचारलं. चित्रकाराची खोड, अंगावर बेतली तरी जात नाही. "पर मावशी, तुमास्नी ठावं हाय तर त्या दिशी सांगितलं का न्हाई? कसे दिसायचे त्ये?"

"मलाच ठावं न्हाई, तर काय सांगू?" ती ओशाळून हसली. "सासू-सासरं, दीर, जावा, यवढं खटलं घरात. नवऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बगत बसायला कुटं गावतंय? आन् भाईर पडलं की त्ये म्होरं आन् मी मागं. शेतात जाताना म्होरं, बाजाराला जाताना म्होरं. चाळीस वर्सं मी त्यांची पाठ बगितली. डावा खांदा खाली उतरलेला, कावडीनं. तुमच्या फोटूत दोनी खांदं सारकं, तवाच मला कळलं. घोंगडी त्याच खांद्यावर, दोन घड्या. उजव्या टाचंला ही एवढी भेग. मानंवर केस वाढलं की मी सांगायची, आवं, न्हाव्याकडं जा. पाठ सांगा, समदी सांगते. तोंड पोरास्नी ठावं."

तिनं हंडा उचलला, परत ठेवला.

"आन् हितं आलं," ती ओढ्याकडं बोट करून म्हणाली, "पावसुळ्यात पानी लय वढतंय हितं. हितं आलं की थांबायचे. मागं न्हाई बगायचे, बरं का. लोक बगतील म्हनून. नुस्ता हात मागं करायचे. मी धरला की पाय टाकायचे पान्यात."

मी काही लिहून घेतलं नाही. वही काढायची गरजच पडली नाही.

दत्तोबाशेठ शब्दाला जागले. "वाडीनं ओळखला? कमाल आहे. घाल सही," म्हणाले. "पण नुसतं 'सीताराम आर्ट्स' लिही. बास होतं तेवढं."

मी बोरू घेतला. शेठ मागं उभे होते. मी लिहिलं, सीताराम भिकाजी ओव्हाळ. सगळं. तिन्ही शब्द, कुणालाही वाचता येतील एवढे. बाच्या चेहऱ्याखाली त्याचं नाव कुठंतरी असायला हवं होतं, आणि ते लिहायला माझ्याकडं दुसरी जागा नव्हती.

शेठ चुकचुकले. "फार शहाणा झालास," म्हणाले. पण काच मात्र स्वतः बसवली.

उरलेल्या दिवसांत मी दुसरं चित्र केलं. ओढा, दगड, आणि काठावर थांबलेला पाठमोरा माणूस. उतरलेला खांदा, दोन घड्यांची घोंगडी, टाचेची भेग, मानेवर वाढलेले केस. आणि मागं आलेला हात. त्या हातावर दोन दिवस गेले. पहिल्या चित्रात मी काय करतोय ते मला कळत नव्हतं. यात एकेक रेघ भीतभीत, विचारून विचारून टाकली. एक रेघ चुकली असती तर सांगायला कुणी नव्हतं, फक्त ती एकटी होती. शेठनी ते पाहिलं आणि तेच त्यांचं हसणं हसले. "पाठीचा फोटो? अरे, मेलेल्या माणसानं घराकडं पाठ फिरवली म्हणून गिऱ्हाईक जोड्यानं मारेल तुला." सही करायचं माझ्या लक्षातही राहिलं नाही.

वरसाच्या दिवशी दोन्ही घेऊन गेलो. एक काचेत, एक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. पाहुण्यांनी अंगण भरलं होतं आणि मी प्रत्येक तोंडाकडं बघत होतो, यातला कोण तळेगावच्या बाजाराला येत असेल म्हणून. कान्हूनं खिळा आणि हातोडा दिला. "तुमीच लावा. वाकडा व्हायला नगं." म्हणून मला घरात जाता आलं. दोन्ही हातांत बाला धरून मी उंबरा ओलांडला. तो पुढं, मी मागं.

हार घातला, धूप लावला. माणसं एकेक करून पाया पडू लागली. म्हातारे, बायका, कुठले कुठले सोयरे. मी कोपऱ्यात घामानं भिजून उभा होतो. कुणी ओळखलं नाही. मग मीही पुढं झालो आणि जमिनीला डोकं टेकलं. "मानूस देवगुनी," मागं कुणीतरी म्हणालं, "गिऱ्हाइकाच्या बापाच्या बी पाया पडतोय."

कान्हू चौथी शिकलेला होता. तो तसबिरीजवळ जाऊन बोटानं अक्षरं लावत होता.

"सीताराम, भिकाजी, ओव्हाळ," त्यानं वाचलं. "भिकाजी म्हंजी तुमचं वडील?"

"व्हय."

"त्यांचा फोटू हाय का घरी?"

"न्हाई."

"आसं कसं?" तो म्हणाला, खरोखरच्या आश्चर्यानं. "दुसऱ्यांचं येवढं झ्याक काढता, आन् सवताच्या बापाचा न्हाई?"

मी जेवायला थांबलो नाही. गुंडाळी घेऊन घरामागच्या परसात गेलो. पुतळाबाई दगडावर बसून भाताची पातेली घासत होती. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"मावशी, ह्ये तुमास्नी," मी म्हणालो आणि वर्तमानपत्र सोडवून चित्र तिच्यासमोर धरलं.

वाडीसमोर उभा राहिलो होतो तेव्हा मला इतकी भीती वाटली नव्हती. तिथं फसवायला शंभर माणसं होती. इथं एकटीच होती आणि ती फसणारी नव्हती. तिनं चित्र बघितलं. खांदा बघितला असावा, टाच बघितली असावी. तिच्या तोंडावरून मला काही कळेना. पातेल्यातलं पाणी सांडून तिच्या पायाखालून वाहत गेलं, तरी ती हलली नाही. चुकलं काहीतरी, मी मनात म्हटलं. घोंगडी चुकली. मान चुकली. मी चित्र खाली घेणार होतो.

"हात लावला तर चालंल?" तिनं विचारलं.

काजळीचं चित्र, वर काच नाही. बोट लागलं की पुसलं जातं. दोन दिवसांचं काम होतं ते.

"चालंल," मी म्हणालो.

तिनं ओले हात लुगड्याला पुसले. पुन्हा एकदा नीट पुसले. मग त्या मागं आलेल्या हातात आपली बोटं ठेवली आणि बराच वेळ काढली नाहीत.